वाल, सोडे आणि अर्धा शब्द

थंडी ओसरलेली असते, पण पंखे अजून पुसायचे राहिलेले असतात, अशा दिवसांत आमच्याकडे वाल येतात. निफाडकडून द्राक्षांचे क्रेट भरलेले टेम्पो धावायला लागलेले असतात. मी ज्या कॉलेजच्या ऑफिसात काम करते तिथे परीक्षेच्या बैठकव्यवस्थेचे तक्ते तयार होत असतात. आणि त्याच सुमारास कधीतरी अलिबागजवळच्या गावाहून कुसुममावशीचं पार्सल येतं. जाड कापडी पिशवी, तोंड सुतळीने शिवलेलं. आत नवे कडवे वाल, आणि वालांच्या मधोमध, वर्तमानपत्रात गुंडाळून वरून प्लॅस्टिक बांधलेले सोडे.

सोडे म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोळंबी. नाशिकमध्ये हे समजावून सांगावं लागतं. इथे सुकी मासळी म्हणजे बहुतेकांना सुकट, नाहीतर बोंबील. आई लग्न होऊन नाशिक रोडच्या कॉलनीत आली तेव्हापासून हा खुलासा करत आली होती. "सुकट वेगळं, जवळा वेगळा, सोडे वेगळे," ती म्हणायची. "तुम्ही द्राक्षाला आणि बेदाण्याला एकच नाव द्याल का?" शेजारच्या रोकडेकाकूंना हे ऐकून ऐकून पाठ झालं होतं. त्या मुद्दाम दारातून विचारायच्या, "वहिनी, आज सुकट केली वाटतं?" आणि आई मुद्दाम चिडायची.

यंदाचं पार्सल मी ओट्यावर उकललं. वाल निवडले, डबे धुऊन उन्हात ठेवले, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मी अशीच आहे. कामं लिहून काढते आणि झालं की रेघ मारते. 'वाल भिजत घालणे' यावर रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी काढून ते फडक्यात घट्ट बांधले, आणि त्याच्या पुढच्या दिवशी ऑफिसातून येऊन कुलूप काढलं, तर घरभर तो वास होता. मोड आलेल्या कडव्या वालांचा वास हिरवट असतो, उग्र असतो. ज्याला तो आवडतो त्याला दारातच भूक लागते. ज्याला आवडत नाही तो आधी खिडक्या उघडतो. मी चपला न काढता तशीच उभी राहिले. तीन वर्षांपूर्वीचा फाल्गुन माझ्याही आधी घरात येऊन बसला होता.

आईच्या ओट्यावर कायम काहीतरी भिजत असायचं. मूग, मटकी, चवळी, हुलगे, आणि हंगामात वाल. बाबा नोटांच्या प्रेसमध्ये पाळीत काम करायचे; त्यांचा डबा ज्या वेळेला निघे त्या वेळेला उसळ तयार असे. प्रोटीन, फायबर हे शब्द आमच्या घरात फार उशिरा आले, तेही डॉक्टरांच्या तोंडून. बाबांना साखर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कडधान्यं वाढवा." आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की डॉक्टरांनीच विषय बदलला. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "वाढवा म्हणे. आता काय गादीत भरू?"

कडधान्यं रोजची आणि मासे सणासारखे, असं आमच्या घरचं गणित होतं. समुद्र लांब. मुंबईहून बर्फात घालून आलेली पापलेटं आई हातात घ्यायची, कल्ला उचलून पाहायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. "हा मासा माझ्याहून दमलेला आहे," असं मासेवालीला तोंडावर सांगायची. म्हणून तिचा भरवसा सोड्यांवर. उन्हात वाळून कडक झालेले, बरणीत घट्ट झाकण लावून ठेवलेले, लाल-केशरी आकड्यांसारखे वाकलेले सोडे. ती बरणी उघडली की नाशिक रोडच्या दोन खोल्यांत भरती आल्यासारखं व्हायचं.

वालाचं बिरडं सोडे घालून करणं हा तिचा वर्षातला मोठा स्वयंपाक. त्यात खर्चाचं काही नाही, सगळा खटाटोप आहे. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक सोलायचा. अंगठा आणि पहिलं बोट यांत दाणा धरून हलकेच दाबला की तो सालीतून सुटून पुढे उडी मारतो. जोरात दाबला तर दुभंगतो, आणि दुभंगलेला वाल रश्शात पीठ होतो. सोडे वेगळे भिजवायचे, वाळूचा कण राहू नये म्हणून चोळून धुवायचे. तेलात कांदा, लसूण, हिंग, हळद, मग माहेरचा लाल मसाला, त्यावर सोडे परतायचे आणि मग वाल. झाकणावर पाणी ठेवायचं. डाव घालायचा नाही. पातेलं कडेला धरून नुसतं हलवायचं. शेवटी आमसूल, ओलं खोबरं, गुळाचा खडा. ताटात येतं तेव्हा दाणा अख्खा दिसतो आणि जिभेवर ठेवला की विरतो. मागून तिखट येतं, घशापर्यंत.

एखादा दाणा मात्र शिजतच नाही. कितीही भिजवा, उकळा, तो दाताखाली खड्यासारखा लागतो. त्याला आई गणंग म्हणायची. माझ्या धाकट्या भावाला, नितीनलाही ती गणंगच म्हणायची, कारण एकदा त्याच्या डोक्यात काही बसलं की ते मऊ होत नसे. नितीन कळवणला हायस्कुलात मराठी शिकवतो.

तीन वर्षांपूर्वी माघात आईला झटका आला. सकाळी चहा गाळताना तिच्या हातातून गाळणं पडलं, ते उचलायला ती वाकली आणि तशीच बसली. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तिच्या नाकात नळी होती. गिळता येत नव्हतं, म्हणून पातळ केलेलं सगळं त्या नळीतून द्यायचं. मूग शिजवून, वाटून, गाळून मी पिचकारीने द्यायची. आयुष्यभर डाव न घालता वाल शिजवणाऱ्या बाईच्या पोटात तिच्या मुलीने गाळलेलं पाणी सोडायचं. तिच्या जिभेला त्यातलं काहीच लागत नव्हतं.

बाबा तेव्हा हयात नव्हते. मी कामाला लागले. औषधांचा तक्ता, कूस बदलण्याचा तक्ता. सकाळी मी ऑफिसात जायची तेव्हा रोकडेकाकू येऊन बसायच्या. त्यांचे मिस्टर आणि बाबा एकाच पाळीचे. त्या आईच्या उशाशी बसून तिला कॉलनीतल्या बातम्या सांगायच्या आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच म्हणायच्या, "हो ना वहिनी, मी पण तेच म्हटलं."

आईच्या तोंडात एकच शब्द उरला होता. सोड.

पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी तिचा डावा हात धरून बसले होते, कारण ती नळी ओढायची. "सोड," ती म्हणाली. इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकून मी हात सोडला. तिने लगेच नळी ओढून काढली. पुन्हा दवाखाना, पुन्हा नळी. त्यानंतर ती दिवसभर म्हणायची. पाणी देताना सोड, पाय चोळताना सोड, काही करत नसतानाही, छताकडे पाहत, सोड. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "अशा पेशंटच्या तोंडात कधी कधी एखादाच शब्द अडकून राहतो. त्याला अर्थ असेलच असं नाही." हे त्यांनी समजुतीच्या आवाजात सांगितलं, पण मला ते पटलं नाही. आईने अर्थ नसलेलं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

नितीन शनिवारी सकाळची शाळा करून एसटीने यायचा. त्या शनिवारी तो आईजवळ बसला, तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सोड." तो उठून गॅलरीत गेला. बऱ्याच वेळाने मी गेले तर कठड्याला धरून उभा.

"ताई, ऐकलंस ना काय म्हणतेय?"

"सकाळपासून तेच म्हणतेय."

"मग तू काय केलंस?"

"उशी बदलली. तोंड पुसलं. औषध दिलं."

"ती मला सोडा म्हणतेय गं. जाऊ द्या म्हणतेय. आपण तिला नाकातून बांधून ठेवलंय."

"डॉक्टर म्हणाले, अर्थ असेलच असं नाही."

"त्यांची आई आहे का ती?"

मला तेव्हाच सांगावं लागलं. नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी पोटातून नळी बसवायचं सुचवलं होतं. छोटं ऑपरेशन. मंगळवारी दाखल करायचं होतं. मी गाडी सांगितली होती, रजा टाकली होती.

"म्हणजे कायमची नळी," नितीन म्हणाला. "तोंडाने पुन्हा कधीच नाही."

"कधीच असं नाही म्हणाले. बघू म्हणाले."

"तुझं सगळं ठरवून झालेलं असतं. आई म्हणजे तुझ्या यादीतलं एक काम झालंय."

मी दोरीवरची आईची चादर काढून घडी घातली. ते काम कोणाला तरी करायला हवं होतं आणि तो शनिवारी यायचा. पण हे बोलले असते तर भांडण लांबलं असतं, आणि चार वाजताचं औषध व्हायचं होतं. तेवढ्यात रोकडेकाकू भाकऱ्यांचा डबा घेऊन आल्या. आमच्या तोंडांकडे पाहून म्हणाल्या, "भांडा, पण हळू. तिला बोलता येत नाही, ऐकू येतं."

मंगळवारसाठी नितीन थांबून राहिला. आम्ही दोघं एका घरात पाहुण्यासारखे वागत होतो. आणि सोमवारी संध्याकाळी पार्सल आलं.

मावशीने ते दरवर्षीसारखं पाठवलं होतं. आईचं आजारपण तिला माहीत होतं, पण हात आपोआप पिशवी भरतो. मला तो उद्योग नको होता. तरी पिशवी तशीच ठेवली तर वालांत किडे होतील, म्हणून मी ती आईच्या पलंगाजवळच्या टेबलावर घेतली आणि सुतळी कापली. वाल ताटात ओतले. मधलं पुडकं बाजूला ठेवलं.

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आईने मान वळवली. "सोड."

मी वाल निवडत राहिले.

"सोड," ती पुन्हा म्हणाली आणि डावा हात उचलला. इतके दिवस तो हात फक्त नळीकडे जायचा. आज तो टेबलाकडे येत होता. मी पुडक्याकडे पाहिलं. दोरा तोडला, कागद उलगडला. एक सोडा तिच्या तळहातावर ठेवला. तिने मूठ मिटली, मूठ नाकाशी नेली आणि डोळे मिटून घेतले. नळीच्या शेजारी, त्याच नाकपुडीशी.

मी मावशीला फोन लावला. नितीनला ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"मावशी, आई आजारी पडल्यापासून सोड सोड म्हणतेय."

पलीकडे कुत्रं भुंकत होतं, त्याला तिने हाकललं. मग मावशी म्हणाली, "सोडे म्हणत असेल गो ती. लहानपणी ताप आला की काय मागायची ठाऊक आहे? पेज आणि चुलीत भाजलेले सोडे. आमची आई म्हणायची, या कार्टीला सरणावर ठेवली तरी सोडे मागेल." एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं आणि ती रडायला लागली.

फोन ठेवल्यावर नितीन म्हणाला, "ताई, तुला हवं ते ऐकू आलं."

"आणि तुला?"

"मी मराठी शिकवतो. सोड हे क्रियापद आहे, आज्ञार्थी. सोडे हे नाम आहे आणि तेही अनेकवचनी."

"मास्तर, तिचं अर्धं तोंड चालत नाही. तुमची मात्रा ती कुठून आणणार?"

दारात येऊन उभ्या राहिलेल्या रोकडेकाकू फिसकन हसल्या. नितीनलाही हसू आलं. मलाही. तेवढ्यात आई आमच्याकडे पाहत म्हणाली, "सोड." मग कोणी हसलं नाही.

तो शब्द मी तेव्हापासून ऐकत आले आहे. ऑफिसात परीक्षेच्या दिवशी शिपाई विचारतो, "मॅडम, मुलांना आत सोडू का?" रिक्षावाला विचारतो कुठे सोडू. द्राक्षबागेला पाणी सोडतात. मुलगी माहेर सोडते. दावणीची गाय सोडतात. हट्टही सोडतात आणि जीवही सोडतात. आणि उपास सोडला म्हणजे माणूस जेवला. आपल्या भाषेनेच एका शब्दात ताट वाढून ठेवलं आहे आणि त्याच शब्दात दारही उघडं ठेवलं आहे. आई त्या शब्दात कुठे उभी होती, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. नितीनला सांगता येतं. मला त्याचा हेवा वाटतो.

मंगळवारी आम्ही डॉक्टरांसमोर बसलो आणि मी विचारलं, "तोंडाने थोडं देऊन बघता येईल का?" त्यांनी गिळणं तपासणाऱ्या बाईंना बोलावलं. त्या तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी आईला ताठ बसवलं, हनुवटी छातीकडे घेतली, लहान चमच्याने घट्टसं काहीतरी जिभेवर ठेवलं आणि बोटं तिच्या गळ्यावर ठेवून वाट पाहिली. बऱ्याच वेळाने गळा हलला. पुन्हा एक चमचा. तिसऱ्याला ठसका लागला.

मग त्यांनी न लपवता सगळं सांगितलं. मऊ, घट्ट, गुठळी नसलेलं देता येईल. पण काही घास चुकीच्या वाटेने जातीलच. छातीत संसर्ग होऊ शकतो, आणि या वयात तो जिवावर बेततो. पोटातली नळी बसवली तर ही भीती पूर्ण जात नाही, पण कमी होते. "दोन्ही रस्ते चुकीचे नाहीत," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही घरचे बसून ठरवा."

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. समोर औषधांच्या दुकानाची रांग. नितीन म्हणाला, "नळी नको." मी म्हणाले, "नको." त्याला वाटलं होतं मी अडून बसेन. त्याला नळी नको होती, कारण तिला जायचं आहे असं त्याला वाटत होतं. मला नको होती, कारण तिला जेवायचं आहे असं मला वाटत होतं. डॉक्टरांना आम्ही दोघांनी मिळून एकच उत्तर दिलं, आणि कारणं आपापल्या खिशात ठेवली.

घरी येऊन मी वाल भिजत घातले.

पहिलं बिरडं मी नियमाप्रमाणे केलं. सोललेले वाल अगदी मऊ शिजवले, सोडे वेगळे उकळून त्यांचं पाणी घातलं, वाटलं, चाळणीतून काढलं. तिखट अजिबात नाही, कारण तिखटाने ठसका लागतो असं बजावलं होतं. आईला ताठ बसवलं. चमचा ओठाशी नेला. तिने तोंड उघडलं, घेतलं, गिळलं. दुसऱ्या चमच्याला ओठ मिटून घेतले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या दमलेल्या पापलेटाकडे पाहायची.

"आजारी माणसाला आळणी द्यायचं," रोकडेकाकू दारातून म्हणाल्या, "मग त्याने बरं व्हायचं कशासाठी?"

दुसऱ्या दिवशी मी बोटाच्या टोकावर मावेल एवढा लाल मसाला तेलात फुलवून घातला. आईने चमचा घेतला, थांबली. गळा हलला. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, ते तिखटाचं होतं की कसलं, कोण सांगणार. मग तिने तोंड उघडलं आणि वाट पाहिली. मी इतकी कामं आयुष्यात पार पाडली, पण माझ्या हातातल्या चमच्याची कोणी इतकी वाट पाहिल्याचं मला आठवत नाही.

हळूहळू वाटी अर्धी संपायला लागली, मग पूर्ण. नाकातली नळी निघाली. मुगाचं घट्ट वरण, चवळी वाटून, हुलग्याचं पिठलं, सगळं घोटून, चाळून, आणि प्रत्येकात चमचाभर सोड्याची पूड. रोकडेकाकूंनी एकदा त्यांच्या काळ्या मसाल्यातली कोळंबी आणून दिली. मी ती वाटून दिली, तर आईने डावा हात काकूंच्या हातावर ठेवला. काकू म्हणाल्या, "बघा, आता सुकट म्हटलं तरी चिडत नाही." आईने लगेच हात काढून घेतला. तेवढं तिला कळत होतं.

वाल सोलायला मी तिच्या मांडीवर ताट ठेवायची. फिजिओथेरपीवाल्यांनी दिलेला रबरी चेंडू तिने पहिल्याच दिवशी भिंतीवर मारला होता. पण ओला वाल डाव्या हाताच्या बोटांत आला की बोटं स्वतःहून वळायची. उजव्या तळहातावर मी एकेक दाणा ठेवायची. काही आठवड्यांनी त्या अंगठ्याने एक दाणा सालीतून बाहेर काढला. अख्खा. नितीन शेजारी बसून सोलत होता, त्याच्या ताटात निम्मे दुभंगलेले. आईने त्याचं ताट डाव्या हाताने स्वतःकडे ओढलं. लहानपणी त्याच्या हातून अशीच पाटी ओढून घ्यायची, अक्षर नीट नाही म्हणून.

तोही तिला भरवायचा. फरक एवढाच होता, की ती "सोड" म्हणाली की नितीन चमचा खाली ठेवायचा आणि मी चमचा वर उचलायची. आई दोघांच्याही हातून जेवली.

ती सगळी उन्हाळी सुट्टी नितीन नाशिकलाच होता. दुपारी खिडक्यांना ओले पडदे लावून आम्ही तिघं बसायचो. इतकी वर्षं मी आणि माझा भाऊ एकमेकांना सणापुरते भेटत होतो. आता एकाच ताटातले वाल सोलत होतो. बोलणं फार नसायचं. तो मध्येच विचारायचा, "बाबा वाल आवडीने खायचे का गं?" मी म्हणायची, "खायचे. पण गणंग काढून ताटाच्या कडेला ओळीने लावायचे." तो म्हणायचा, "हे तुझ्यात आलंय."

गेल्या रविवारी नितीन आला होता. मी बिरडं केलं होतं, सोडे घालून. त्याने पोटभर खाल्लं, ताटाला बोट लावून खाल्लं. आईचा विषय निघाला नाही असं नाही, पण तो शब्द आम्ही दोघांनीही काढला नाही. एकमेकांना पटवायचं आम्ही थांबवलं आहे. जाताना मी त्याला डबा भरून दिला. एसटीत वास येईल म्हणून दोनदा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला. "कळवणच्या लोकांना कळेल, वाल आले," तो म्हणाला.

त्या वर्षी आषाढात आईला ताप आला. छाती घरघरायला लागली. मी नितीनला कळवणहून बोलावून घेतलं. जे होऊ शकतं असं आम्हाला बाकावर बसायच्या आधी सांगितलं होतं, तेच झालं होतं. डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, "न्यायचं असेल तर न्या. तिथे पुन्हा नळ्या लावाव्या लागतील, सगळ्याच. निकाल मी सांगू शकत नाही." औषधं लिहून दिली, त्रास कमी व्हावा म्हणून. मला वाटलं होतं, नितीन म्हणेल, राहू दे. तो म्हणाला, "नेऊ या का?" मी म्हणाले, "दुपारी ठरवू." मी कोणतंही काम असं पुढे ढकलत नाही.

दुपारी त्याने स्वतः स्वयंपाकघरात जाऊन डब्यातले राहिलेले वाल घेतले. भिजवून सोललेले होतेच. शिजवले, सोडे घातले, वाटले, चाळले. मी आईला पाठीशी उशा देऊन ताठ बसवून धरलं होतं. तिचं अंग गरम होतं आणि डोकं माझ्या खांद्यावर. नितीन वाटी घेऊन समोर बसला. चमचा तिच्या ओठाला लावला. ओठ हलले नाहीत.

"आई," तो म्हणाला, "एक चमचा. सोडे आहेत गं. बघ, सोडे."

तिने डोळे उघडले, त्याला पाहिलं आणि पुन्हा मिटले. त्याने चमचा तसाच धरला. तिच्या हनुवटीवर एक थेंब सांडला, तो त्याने अंगठ्याने पुसला, आणि चमचा पुन्हा ओठाशी नेला. "सोडे आहेत आई. तूच मागत होतीस ना. घे."

माझ्या खांद्यावर तिचा श्वास लागत होता, तोकडा, कष्टाने ओढलेला. मी माझा हात मोकळा केला आणि नितीनच्या मनगटावर ठेवला.

"नितीन," मी म्हणाले, "सोड आता."

त्याने चमचा वाटीत ठेवला, वाटी टेबलावर ठेवून तिच्यावर ताटली झाकली, आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूने येऊन आईला धरलं.